बर्फात मुक्काम पडणार असेल तर आधी गाडी सांभाळा

कोल्हापुरात पारा १२ अंशांवर आला की आपण कानटोपी शोधायला लागतो. पण शिरोलीच्या कारखान्यांतनं कास्टिंग (ओतीव लोखंडाचे भाग) भरून उत्तरेला गेलेली गाडी, म्हणजे आपला ट्रक, परतीच्या सफरचंदांसाठी काश्मीरला चढली, की डिसेंबरात खोऱ्याच्या तोंडाशी काझीगुंडजवळ रस्ता बंद होतो आणि शून्याखालची रात्र केबिनमध्ये काढावी लागते. तिची तयारी इथनंच करायची.

पहिलं डिझेल, कारण गाडी बंद पडते ती बहुतेक त्याच्यापायी. घरनं टाकी फुल्ल करून निघायची आपली सवय इथं नडते. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर चोंदतो. आपल्या देशाच्या डिझेलच्या मानकात उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंतच आणि हिवाळी ६ अंशांपर्यंतच फिल्टरमधनं वाहिलं तरी चालतं, म्हणजे बर्फाचा विचार त्यात नाहीच. माझ्या पहिल्या खेपेला सकाळी इंजिन सुरू झालं आणि दोन मिनिटांत गप्प. फिल्टर खोलला तर आत थिजलेल्या तुपासारखा पांढरट गोळा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं भोवती गुंडाळत दोन तास बसलो. शेजारचा एक गडी टाकीखाली जाळ करायला निघाला होता, त्याला आधी लांब घालवला.

म्हणून टाकी पाव होईल अशा बेतानं डोंगर गाठा आणि थंड मुलखातल्या पंपावर विचारून भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं आहे. डिझेल गोठू न देणारं औषध मिळालं तर ते डिझेल पातळ असतानाच घाला, थिजल्यावर उपयोग नाही. जादाचा फिल्टर सोबत हवाच. रॉकेल मिसळायचा जुना नुस्खा बीएस-सहाच्या (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत करू नका.

मग रेडिएटर. उन्हाळाभर आपण साधं पाणी ओतत राहतो, आणि ते गोठलं की इंजिनचा ब्लॉक तडकतो. निघण्याआधी गॅरेजात सगळं काढून निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं भरून घ्या. ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. बीएस-सहाच्या गाडीत धूर साफ करायला वेगळ्या टाकीत असलेलं युरियाचं पाणी उणे ११ अंशांना गोठतं आणि फुगतं, म्हणून ती टाकी काठोकाठ भरू नका. गोठलंच तर त्यात गरम पाणी ओतायचं नाही, इंजिन चालू झालं की ते आपोआप वितळतं.

बॅटरीची ताकद कडाक्याच्या थंडीत निम्म्यापर्यंत उतरू शकते, तेव्हा रात्री गाणी आणि मोबाइल चार्जिंग बंद. गाडी लावण्याआधी थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा, म्हणजे ड्रम कोरडे होतात. मग एअर टँकचे (ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचे) कॉक उघडून पाणी पूर्ण काढा. ते आत राहिलं तर सकाळी ब्रेकच्या लाइनीत बर्फ. चाकांना ठोकळे लावा.

आता आपण. अंगावर चार पांघरुणं घेऊनही पाठ गारठते, कारण थंडी खालनं चढते. केबिनच्या फळीवर आधी थर्माकोल, त्यावर गोणपाट, मग घरची वाकळ आणि वर घोंगडं. धनगरी लोकरीचं, टोचणारं, जड. महागडी स्लीपिंग बॅग आणलेल्यांनी माझ्या घोंगड्याकडं बघून तोंडं वाकडी केली होती, पण भिजलं तरी ऊब देणारं दुसरं काही मी वापरलेलं नाही. काचांना आतनं पुठ्ठा लावा. पाण्याची बाटली पांघरुणात. झोपण्याआधी गूळ-शेंगदाणे खा, अंग आतनं तापतं.

एक गोष्ट अजिबात नको: केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून झोपणंही तसलंच, कारण सायलेन्सरभोवती बर्फ साचला की धूर आत वळतो. दोन्ही काचा बोटभर उघड्या ठेवा. गारवा येतो, पण श्वासाची वाफ तरी गादीवर गळत नाही.

सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. बर्फ खरवडून काढा. सायलेन्सर मोकळा करून मगच इंजिन सुरू करा, रेस न देता तापू द्या. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा वर आला की ठोकळे काढा, दहा फूट पुढं घ्या आणि ब्रेक दाबून बघा.