ड्रोसोफिलाच्या वर्तनात दोन जनुके एकमेकांवर कसा परिणाम करतात, हे तपासण्याची रीत

रावेर-यावल पट्ट्यात पिकलेल्या केळीवर घोंगावणारी चिलटे सहसा ड्रोसोफिला कुळातली असतात. मात्र त्यांत अनेक प्रजाती मिसळलेल्या असल्यामुळे माश्या उजेडाकडे किती जातात हे मोजण्याच्या या प्रयोगास ती चालत नाहीत. मैसूर विद्यापीठातील ड्रोसोफिला स्टॉक सेंटरसारख्या ठिकाणाहून मेलानोगास्टर प्रजातीचे, प्रत्येकी एका जनुकात बिघाड असलेले दोन वाण मागवावेत: पांढऱ्या डोळ्यांचा ‘व्हाइट’, जो अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांनी १९१० मध्ये जगासमोर आणला, आणि काळपट अंगाचा ‘एबनी’. पहिल्यात डोळ्यातले रंगद्रव्य नसल्याने प्रकाश विखुरतो. दुसऱ्यात दृष्टीचा संदेश वाहणाऱ्या हिस्टामिनचा पुनर्वापर बिघडतो.

रवा, गूळ, यीस्ट आणि अगर (समुद्री शेवाळापासूनचा, मिश्रण घट्ट करणारा पदार्थ) यांच्या खाद्यावर २५ अंश सेल्सिअसला माश्या वाढवाव्यात. एक पिढी सुमारे दहा दिवसांत तयार होते. तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की नर वांझ होऊ लागतात, म्हणून वातानुकूलित खोली नसलेल्या महाविद्यालयांनी खानदेशातल्या उन्हाळ्यात हे काम हाती घेऊ नये.

कोषातून बाहेर पडून आठ तास होण्याआधी वेगळ्या केलेल्या व्हाइट माद्यांचा एबनी नरांशी संकर करावा आणि त्यांची संतती आपसात सोडावी. दुसऱ्या पिढीत लाल डोळे-फिके अंग, लाल-काळे, पांढरे-फिके आणि पांढरे-काळे असे चार गट ३:१:३:१ या प्रमाणात मिळतात. या पद्धतीचे खरे मोल असे की चारही गट एकाच बाटलीत वाढलेली भावंडे असतात, त्यामुळे खाद्य, तापमान आणि इतर जनुकांमुळे पडणारा फरक चारही गटांत बऱ्याच अंशी सारखा विभागला जातो.

प्रत्येक गटातील तीन ते पाच दिवसांचे नरच घ्यावेत आणि बेशुद्ध करून निवडल्यावर त्यांना एक दिवस विश्रांती द्यावी. दोन पारदर्शक नळ्या तोंडाला तोंड लावून जोडाव्यात, एक काळ्या कागदात गुंडाळावी, माश्या हलक्या ठोक्याने तिच्या टोकाला न्याव्यात आणि तीस सेकंदांनी उजेडाच्या नळीतल्या माश्या मोजाव्यात.

समजा, सामान्य (लाल-फिके) गटातील ८० टक्के माश्या उजेडाकडे गेल्या, व्हाइटच्या ६० आणि एबनीच्या ५०. जनुके स्वतंत्रपणे काम करत असतील तर दुहेरी (पांढरे-काळे) गटात ८० मधून वीस आणि तीस अशा दोन्ही घटी वजा होऊन ३० टक्के अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात ५० आले, तर एबनी असताना व्हाइटचा वेगळा परिणाम उरत नाही; यालाच एपिस्टॅसिस म्हणतात. मात्र आकडे शून्याजवळ असतील तर निष्कर्ष काढू नये, कारण तेथे आणखी घट दिसायला जागाच नसते. माश्या मुळात अशक्त आहेत का, हे पाहण्यासाठी त्याच गटांची उभ्या नळीत वर चढण्याची चाचणीही घ्यावी.