कॉपी-पेस्ट होणार नाही असा इंटरनेट प्रकल्प

'प्लूटोची माहिती शोधून लिहा' असं सांगितलं की वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच परिच्छेद उतरतो. दोष मुलांचा नाही, प्रश्नाचा आहे.

म्हणून माहिती मागू नका, निर्णय मागा: 'प्लूटोला पुन्हा ग्रह म्हणावं का?' आंतरराष्ट्रीय खगोल संघाने 2006 मध्ये ग्रहासाठी तीन अटी ठरवल्या. सूर्याभोवती फिरणं आणि गोल आकार या दोन प्लूटो पाळतो. आपल्या कक्षेच्या आसपासच्या इतर वस्तू हटवून ती मोकळी करण्याच्या तिसऱ्या अटीत तो अडतो. आता मुलांना बाजू घ्यावीच लागते.

प्रश्न देण्याआधी तो जसाच्या तसा सर्च करून बघा. पहिल्याच निकालात आयतं उत्तर मिळालं, तर प्रश्न बदला. एआय चॅटबॉटलाही विचारून बघा. हल्ली ते जास्त गरजेचं.

मग चार-पाच लिंक स्वतः निवडून द्या. मोकाट शोधायला सोडलं की अर्धा तास शोधण्यातच जातो. त्यातल्या दोन लिंक एकमेकींच्या विरोधात बोलणाऱ्या हव्यात, खरी गंमत तिथेच आहे. गटात एकाने अटी तपासाव्यात, एकाने 2015 मध्ये न्यू होरायझन्स यानाने पाठवलेले फोटो बघावेत, एकाने विरोधी बाजू मांडावी. शेवटी निबंध नको. खगोल संघाला दहा ओळींचं पत्र, प्रत्येक मुद्द्यापुढे तो कुठल्या लिंकवरून घेतला ते लिहून.

एक मात्र सांभाळा: लिंक आदल्या दिवशी शाळेच्याच नेटवर उघडून बघा. घरी चालणारं पान तिथे ब्लॉक असू शकतं.