इराणशी व्यवहार करण्याआधी कोणते कागद हाताशी हवेत

केळी, चहा, बासमती, औषधं यांवर बंदी नाही, अमेरिकेच्या निर्बंधांतही अन्न आणि औषधांना सूट आहे, हे करमाळा-टेंभुर्णी पट्ट्यातल्या केळी निर्यातदाराला तोंडपाठ असतं. ते खरंही आहे. तरीही माल इराणच्या बंदर अब्बासला उतरतो आणि पैसे अडकतात, कारण सूट मालाला असते. बँक, जहाज आणि समोरचा खरेदीदार त्या सुटीत आपोआप येत नाहीत. म्हणून तयारी मालापासून सुरू करू नका. आधी पैसा बघा, मग माणूस, मग जहाज. मालाची पाळी शेवटी.

पैशासाठी पहिला कागद म्हणजे बँकेचं लेखी उत्तर. शाखेतल्या साहेबांचं ‘होऊन जाईल’ धरू नका. फॉरेक्स विभागाकडून, शक्यतो मुख्यालयाच्या कम्प्लायन्सकडून (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाकडून) आलेला ईमेल हवा आणि त्यात देश, माल, चलन आणि पैसे पाठवणाऱ्या बँकेचं नाव असावं. बँका एवढ्या का घाबरतात? 2014 मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्यूबाच्या व्यवहारांपायी अमेरिकेत जवळजवळ 900 कोटी डॉलर भरावे लागले. स्टँडर्ड चार्टर्डने 2019 मध्ये सुमारे 110 कोटी डॉलर भरले. तुमच्या चार कंटेनरच्या कमिशनसाठी कुठलीही बँक ती जोखीम घेणार नाही, आणि त्यात तिचं चूक आहे असं मला वाटत नाही.

रुपयाच्या सोयीबद्दल अजूनही बाजारात जुन्या आठवणींवर बोललं जातं. 2012 मध्ये ठरलं की इराणी तेलाच्या किमतीचा काही भाग यूको बँकेतल्या इराणी बँकांच्या खात्यात रुपयांत भरायचा आणि त्याच शिलकीतून आपल्या निर्यातदारांची बिलं चुकती करायची. व्यवस्था उत्तम चालली. मे 2019 मध्ये अमेरिकेने इराणी तेल घ्यायची सवलत संपवली, आपण तेल घेणं थांबवलं, आणि विहिरीचा झराच आटला. उरलेलं उपसून संपत आलं तशी चहावाल्यांची, तांदूळवाल्यांची बिलं रखडू लागली. तेव्हा कुणी ‘रुपयात करू’ म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: त्या खात्यात आज शिल्लक किती आणि ती भरतंय कोण? डॉलरमध्ये तर प्रोफॉर्मा (सौद्याआधीचं कच्चं बिल) काढूच नका. डॉलरचा पैसा न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरून येतो आणि तिथे इराणचं नाव दिसलं की थांबतो.

उरतो दुबईचा मार्ग. खरेदीदार तेहरानचा, पैसे दुबईतल्या एखाद्या ‘जनरल ट्रेडिंग’ कंपनीकडून दिरहममध्ये. तिसऱ्याकडून पैसे घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई नाही, पण ते बँकेमार्फतच आले पाहिजेत आणि निर्यातीच्या डिक्लरेशनमध्ये तसं दाखवलं पाहिजे. त्या कंपनीचं लायसन्स, मालकांची नावं आणि खरेदीदाराशी तिचा संबंध काय, हे फाइलला लावा. ‘आपलाच माणूस आहे’ हे उत्तर असेल तर सौदा तिथेच सोडा. अशा कंपन्या आणि सराफी पेढ्या अमेरिकेच्या निर्बंध-यादीत सतत पडत असतात आणि त्यांच्या खात्यातून आलेल्या रकमेमागे प्रश्नही येतात.

आता माणूस. अमेरिकी अर्थखात्याच्या ओफॅक या निर्बंध राबवणाऱ्या कार्यालयाची यादी कुणालाही फुकट शोधता येते. खरेदीदार, त्याचे संचालक, त्याची बँक, माल घेणारा आणि ‘नोटिफाय पार्टी’ (माल पोचल्याचं ज्याला कळवायचं तो) ही सगळी नावं त्यात टाका. फारसी नावांची रोमन स्पेलिंगं चार प्रकारे होतात, चारही टाका. नाव सापडलं नाही म्हणजे सुटलो असंही नाही: यादीतल्यांची मिळून 50 टक्के किंवा जास्त मालकी असेल तर ती कंपनीही वर्ज्य, मग तिचं नाव यादीत असो वा नसो. इराणमध्ये हे फार गुंतागुंतीचं होतं. तिथे ‘बुनियाद’ म्हणवणारे प्रचंड धर्मादाय न्यास कारखाने, शेती, बांधकाम, सगळं चालवतात. मशहदच्या इमाम रझा दर्ग्याचा कारभार पाहणारं अस्तान कुद्स रझवी हे संस्थान अन्नप्रक्रियेतही आहे आणि जानेवारी 2021 पासून अमेरिकेच्या यादीत आहे. रिव्होल्यूशनरी गार्ड्स या इराणी लष्करी दलाला तर 2019 मध्ये अमेरिकेने दहशतवादी संघटना ठरवलं, आणि त्याचे हितसंबंध बांधकामापासून दूरसंचारापर्यंत पसरलेले आहेत. म्हणून खरेदीदाराकडून मालकीचा तक्ता सहीशिक्क्यानिशी मागा. देत नसेल तर कारण समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

‘अमेरिकेचा कायदा आम्हाला कसा लागू?’ असं विचारणारे भेटतात. पण प्रश्न आता एकट्या अमेरिकेचा नाही. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही परत लागू झाले. त्यामुळे त्यांची यादीही तपासा, डीजीएफटी या आपल्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनाही बघा.

जहाज ही सगळ्यात दुर्लक्षित बाजू. मर्स्क, एमएससी, सीएमए सीजीएम या बड्या जहाज कंपन्यांनी 2018 मध्ये इराणची सेवा आवरती घेतली. त्यानंतर बंदर अब्बासला स्वस्त दर देणारा फॉरवर्डर (जहाजावर जागा मिळवून देणारा दलाल) बऱ्याचदा इराणची सरकारी शिपिंग कंपनी आयआरआयएसएल किंवा तिच्या भावंड कंपन्यांच्या जहाजांवरची जागा विकत असतो, आणि त्या अमेरिकेच्या यादीत आहेत. बुकिंगआधी जहाजाचं नाव नको, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) मागा. नाव आणि झेंडा बदलतो, तो सात आकडी नंबर बदलत नाही. दुबईच्या जेबेल अली बंदरात माल दुसऱ्या जहाजावर चढणार असेल तर त्याचाही. विम्याच्या पॉलिसीत निर्बंधांचं कलम असतंच; दावा करायची वेळ येण्याआधी ते वाचा.

माल तुलनेने सोपा. अन्न आणि औषधं सोडून पंप, व्हॉल्व्ह, रसायनं काही असेल तर स्कोमेट यादी बघा, म्हणजे लष्करी कामालाही वापरता येणाऱ्या मालाची आपल्या सरकारची यादी. आयात करत असाल तर जास्त सावध राहा. वाशीच्या मार्केटात इराणी सफरचंद उघड विकलं जातं, मेथनॉलचं तसं नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकेने इराणी पेट्रोकेमिकल्स घेतल्याचा ठपका ठेवून सहा भारतीय कंपन्यांवर निर्बंध लावले. ‘ओमानचा माल’ असं लिहिलेल्या ओरिजिन सर्टिफिकेटबरोबर टँकरचा आधीचा प्रवासही मागवा.

पुण्यातल्या कॉलेजांनीही, इराणी विद्यार्थी असतील तर, फी कुणाच्या खात्यातून आली आणि त्याचं विद्यार्थ्याशी नातं काय, याची नोंद ठेवावी. बाकी त्यांना फार घाबरायचं कारण नाही.

हे सगळे कागद, शोधाच्या तारखेसह स्क्रीनशॉट धरून, दहा वर्षं जपा. ओफॅकने मार्च 2025 पासून मुदत पाचवरून दहावर नेली आहे, आणि तुमची बँक तोच आकडा तुम्हाला सांगेल. करारात बाहेर पडण्याचं कलम घाला. 2018 मध्ये निर्बंध पुन्हा लावताना अमेरिकेने व्यवहार गुंडाळायला 90 आणि 180 दिवस दिले होते. इराणच्या चाबहार बंदरातल्या भारताच्या कामाला दिलेली सवलत मात्र 16 सप्टेंबर 2025 ला जाहीर करून 29 पासून काढून घेतली, नंतर सहा महिन्यांसाठी परत दिली. केळ्यांचा रीफर (थंड कंटेनर) असेल तर माल वळवायला जेबेल अली किंवा इराकच्या उम्म कसरचा दुसरा खरेदीदार नावानिशी ठरलेला असावा, आणि वळवण्याचं भाडं कोण भरणार तेही त्याच कागदावर यावं.