नेरूळच्या विद्यापीठ परिसरात पहिले सत्र कसे सुरू करावे

प्रवेश निश्चित होताच सर्वप्रथम महाविद्यालयाच्या कार्यालयातून रेल्वे सवलतीचा अर्ज घ्यावा. घराजवळचे आणि महाविद्यालयाजवळचे स्थानक त्यावर अचूक नोंदवले असेल, तरच खिडकीवर मासिक किंवा त्रैमासिक पास मिळतो. ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बर मार्गाची थेट नेरूळ किंवा पनवेल गाडी पकडावी, कारण तुर्भ्यानंतर मार्ग दुभंगतो आणि वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते.

वसतिगृह निवडताना खोलीपेक्षा खानावळीची वेळ आधी विचारावी, कारण प्रात्यक्षिके लांबली की रात्रीचे जेवण हुकते. ग्रंथालयाचे ओळखपत्र पहिल्याच आठवड्यात करून घ्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार विद्यार्थी व पालक, दोघांनाही हमीपत्र द्यावे लागते. ते केवळ कागद समजून भरू नये, त्यातील तक्रारीची तरतूद नीट वाचावी.

डी. वाय. पाटील संकुलात राहणाऱ्यांनी तेथील क्रीडांगणावरील सामन्यांचे वेळापत्रकही पाहत जावे. 2008 मध्ये सुरू झालेल्या या मैदानावर मोठा सामना असला, की संध्याकाळी आसपासचे रस्ते तुंबतात आणि रिक्षा मिळणे दुरापास्त होते. अशा दिवशी स्थानकापर्यंत पायी जाणेच शहाणपणाचे.