सारखं 'नको नको' करताय? एक ते तीन वर्षांच्या मुलांबाबत या चुका टाळा

दीड वर्षाचं मूल ओट्याखालचे डबे उपसू लागलं की घरातल्या चौघांच्या तोंडून एकदम 'नको' निघतं. डबे उपसण्यात धोका काही नसतो, पसारा असतो. मग तेच मूल गरम कुकरकडे जातं, तेव्हाही तोच 'नको' आणि तोच सूर. त्याने फरक ओळखायचा कसा? चटका, वीज, पाणी, उंची आणि रस्ता, एवढ्यांसाठीच 'नको' राखून ठेवा. पसाऱ्यासाठी खालचा एक कप्पा त्याला देऊन टाका. वाट्या, झाकणं, लाकडी पळी यांत ते स्वयंपाक होईस्तोवर रमतं.

'आमचं लक्ष असतं की' यावर विसंबणं

लक्ष चुकतंच. दूध उतू जातं, दाराची बेल वाजते. म्हणून आधी जागा नीट करा आणि मग मुलाला मोकळं सोडा.

सगळ्यांत दुर्लक्षित धोका म्हणजे बाथरूममधली भरलेली बादली. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून बघताना तोल गेला, तर मुलाला स्वतःहून वर येता येत नाही. थोड्याशा पाण्यातही जीव जाऊ शकतो आणि आरडाओरडाही होत नाही. वापर झाला की बादली पालथी घाला, दाराला बाहेरून कडी लावा. पाणी साठवावंच लागत असेल, तर घट्ट झाकणाचं पिंप घ्या.

फिनेल किंवा अ‍ॅसिड सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवणं तर आजच बंद करा. चुकून पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. जाळणारं द्रव वर येताना घसा पुन्हा भाजतं. 108 ला फोन करा आणि ती बाटली दवाखान्यात सोबत न्या.

रिमोटमधल्या, वाजणाऱ्या खेळण्यांमधल्या चपट्या गोल सेलचं झाकण स्क्रूचं आहे ना, बघून घ्या. असा सेल घशात अडकला तर 2 तासांतही अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे 'शीतून पडेल' म्हणत थांबू नका. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे निदान चार वर्षांपर्यंत नकोत, कूट चालेल. गॅलरीच्या कठड्याजवळ कुंडी किंवा स्टूल ठेवू नका, मुलं त्यावर चढतात.

वॉकरमध्ये बसवणं

त्याने मूल लवकर चालतं हा गैरसमज आहे. कॅनडाने 2004 मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली, कारण वॉकरसकट मुलं जिन्यावरून कोसळत होती. जमिनीवर अनवाणी सोडलेलं बरं.

'पडशील!' म्हणून ओरडणं

मूल दचकतं आणि त्यामुळेच पडतं. त्यापेक्षा 'पाय इथे ठेव, हाताने घट्ट धर' असं सांगा. पलंगावरून उतरायला शिकवा: पालथं व्हायचं, आधी पाय खाली. दोन-चार दिवस पुन्हा पुन्हा करून घ्या. पडल्यावर 'हात् रे जमिनी' म्हणून फरशीला फटका मारायची आजीची पद्धत प्रेमाची खरी, पण पाय कुठे घसरला हे दाखवायचं त्यात राहून जातं. बागुलबुवाही नको. त्याने मूल अंधाराला भिऊ लागतं, प्लगला नाही.

घाईपोटी सगळं आपणच करणं

चपला घालणं, केळं सोलणं, सांडलेलं पुसणं त्याला करू द्या. बाहेर पडायचं असेल तर दहा मिनिटं आधी तयारीला लागा. चपला उलट्या घातल्या तरी चालतील.