अपघातातला रक्तस्राव थांबवताना

अपघात दिसला की पाय आधी जखमीकडे धावतात. पण महामार्गावर मदतीला थांबलेल्या माणसालाच मागून येणारं वाहन उडवू शकतं. म्हणून अपघाताची जागा ओलांडून थोडं पुढे, डाव्या कडेला गाडी लावा आणि चारही इंडिकेटर चालू करा. मागे किमान ५० मीटरवर धोक्याचा इशारा देणारा चमकता त्रिकोण ठेवा, वेगवान रस्त्यावर त्याहून बराच लांब. पेट्रोलचा वास येत असेल तर कुणालाही काडी पेटवू देऊ नका. विजेची तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊच नका.

मग १०८ ला फोन करा. कुठल्या दिशेची लेन, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जखमी किती, शुद्धीवर कोण, एवढं नीट सांगा. पोलिसांच्या भीतीने थांबू नका: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ए नुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

हातमोजे नसतील तर हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला. स्वच्छ कापडाची जाड घडी थेट जखमेवर ठेवा आणि हात ताठ ठेवून तळव्याने जोर द्या. घड्याळ लावून सलग १० मिनिटं. रक्त थांबलं का, हे बघायला कापड उचलायचं नाही; धरू लागलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवून जोर वाढवा. काच किंवा सळई रुतली असेल तर ती उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

हातापायातून रक्त उसळतंय आणि दाबूनही थांबत नाही, तरच आवळपट्टी (टूर्निकेट), म्हणजे रक्तप्रवाह अडवणारी घट्ट पट्टी. ४-५ सेंमी रुंद कापड जखमेपासून ५ ते ७ सेंमी वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, सांधा टाळून बांधा. गाठीत काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा. खूप दुखेल, तरी सैल करू नका. दोरी किंवा तार वापरली तर ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ लिहून ठेवा.

हळद, कॉफी जखमेत भरू नका. पाणीही पाजू नका, शस्त्रक्रिया लागू शकते. मान दुखत असेल तर आग किंवा वाहतुकीचा धोका नसताना हलवू नका.

शेवटी हात साबणाने धुवा. तुमच्या डोळ्यात, तोंडात किंवा चिरलेल्या जागी रक्त गेलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एचआयव्ही रोखणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं.