मेंदूचं वय, गुळाचा रवा आणि माझे वाया गेलेले पेढे

एमआरआय स्कॅन बघून माणसाच्या मेंदूचं वय सांगणारं, उदाहरणांवरून शिकणारं संगणकाचं मॉडेल मी मंगळवार पेठेतल्या घरीच तयार केलं. पहिल्या आठवड्यात सरासरी चूक आली दीड वर्ष! यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्याच्या माहितीच्या मोठ्या संग्रहातल्या 14,503 जणांवरच्या, 2021 साली छापून आलेल्या मॉडेलची चूक 2.14 वर्षं. मी लगेच पेढे आणले.

बाबांनी मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, सौद्यांत आयुष्य काढलंय. पेढा खात म्हणाले, "ज्या गुऱ्हाळाचा रवा फोडून बघितलास, त्याच गुऱ्हाळाचा दुसरा रवा ओळखलास, त्यात काय मोठं?"

नेमकं तेच झालं होतं. मी प्रत्येक स्कॅनचे काप पाडून सगळे एकत्र पिसले होते. एकाच माणसाचे काही काप शिकवणीत, काही परीक्षेत. म्हणून आधी माणसं वाटा, काप नंतर. तसं केल्यावर चूक सहा वर्षांवर गेली. खरी तीच.

सुरुवातीला आयएक्सआयचा डेटा घ्या: लंडनच्या तीन रुग्णालयांतले सुमारे 600 निरोगी लोक, फुकट. त्यातले टी-वन या प्रकारचे स्कॅनच उतरवा. काहींच्या वयाचा रकाना कोराच आहे, ते गाळा. मग एन-फोर या प्रोग्रामने स्कॅनमधला उजेडाचा असमतोल काढा, एचडी-बेट या प्रोग्रामने कवटी, आणि सगळे मेंदू एमएनआय या ठरलेल्या मापाच्या मेंदूच्या साच्यावर बसवा. दोन मिलिमीटरचा एक ठिपका धरला तर 91×109×91 ठिपक्यांचा ठोकळा होतो, तो छोट्या ग्राफिक्स कार्डातही मावतो. इथे आळस नको, प्रत्येक स्कॅन डोळ्यांनी बघा. माझ्या एकात कवटीबरोबर मेंदूचा माथाही गेला होता.

मॉडेल म्हणून साधं थ्रीडी सीएनएन, म्हणजे अख्खा ठोकळा बघून शिकणारं नेटवर्क, पुरे, शेवटी वयाचा एकच आकडा. पण रुग्णालयवार चूक वेगळी काढा. एक मशीन 3 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), दोन 1.5 ची, मॉडेल वयाऐवजी मशीनच ओळखत असेल.

आणखी एक खोड: मॉडेल सगळ्यांना मधल्या वयाकडे ओढतं. पंचविशीतला थोराड ठरतो, पंचाहत्तरीतल्या आजी तरुण. नवखा अडत्याही असाच मधला भाव बोलतो. म्हणून व्हॅलिडेशनच्या, म्हणजे शिकवणीत आणि परीक्षेतही नसलेल्या, लोकांवर खऱ्या वयासमोर अंदाजाची सरळ रेषा बसवा, आणि त्या रेषेपासूनचा फरक मोजा. ही रेषा परीक्षेच्या लोकांवर बसवायची नाही, नाहीतर पुन्हा तोच रवा.

माझ्या मॉडेलचं कळल्यावर शेजारचे काका स्वतःच्या एमआरआयची सीडी घेऊन आले. त्यात पाच मिलिमीटरचे जाड काप. माझं मॉडेल पातळ कापांवर शिकलेलं. सीडी परत दिली.

"नुसता आकडा तरी सांग की गं!"

नाही सांगितला. चहा दिला.